प्रायव्हेट क्लास, मागचं दार आणि माझा 'आदर्श वायू'

सिम्युलेशन अर्ध्यात थांबवून उद्या तिथूनच पुढे चालवायचं असेल, तर मेमरीतले ऑब्जेक्ट्स फाइलमध्ये लिहावे लागतात आणि नंतर परत उभे करावे लागतात. यालाच सिरियलायझेशन म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकजण लायब्ररी घेतात, दोन अ‍ॅट्रिब्यूट्स लावतात आणि विषय संपवतात. मीही तेच केलं होतं. सी शार्पमध्ये कोड लिहिणाऱ्यांनी तरी या सोयीकडे जरा संशयाने बघावं, म्हणून हे लिहितेय.

डॉटनेटमधला जुना एक्सएमएल-सिरियलायझर फक्त पब्लिक टाइप घेतो, इंटर्नल क्लास दिला की सरळ एरर. पहिल्यांदा हा आडमुठेपणा वाटतो, पण त्याला कारण आहे. हा सिरियलायझर तुमच्या टाइपसाठी चालू प्रोग्रॅममध्येच नवा कोड तयार करतो आणि तो कोड वेगळ्या असेंब्लीत राहतो. बाहेरच्या असेंब्लीला तुमचा इंटर्नल क्लास दिसणारच नाही. म्हणजे इथे भाषेचे नियम पाळले गेलेत, एवढंच.

मग लोकांनी वाट कशी काढली? रिफ्लेक्शनने प्रायव्हेट फील्ड वाचता येतं, पण प्रत्येक वेळी ते हळू पडतं. 2005 मध्ये डॉटनेट 2.0 बरोबर डायनॅमिक-मेथड आली. ही रनटाइमला तयार होणारी सुटी मेथड. तयार करताना 'स्किप-व्हिजिबिलिटी' हा पर्याय दिला, की जिट कंपायलर तिच्यापुरती प्रायव्हेट-इंटर्नलची तपासणी सोडून देतो. एकदा कोड तयार झाला की वेग हाताने लिहिलेल्या कोडच्या आसपास. मेसेजपॅकच्या सी शार्प लायब्ररीत प्रायव्हेट मेंबर्ससाठी वेगळा रिझॉल्व्हर आहे, आणि त्याच्या नावातच 'अलाउ-प्रायव्हेट' आहे. हे मला आवडतं. मागच्या दाराने शिरताय हे नावच सांगतं.

पण ही सूट फक्त मेथडच्या आतल्या कोडला मिळते. बाहेरच्या असेंब्लीत नवा क्लास तयार करून तो तुमच्या इंटर्नल इंटरफेसवर बेतायचा म्हटलं, तर टाइप लोड होतानाच रनटाइम अडवतो. त्यावरही उपाय आहे: एका विशिष्ट नावाचं अ‍ॅट्रिब्यूट स्वतःच लिहायचं, रनटाइम ते नावावरून ओळखतो आणि दार उघडतो. मूळ लायब्ररीत हे अ‍ॅट्रिब्यूट सापडत नाही. ज्या गोष्टीवर प्रबंधाचे आकडे उभे राहणार ती अशी असावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी नको म्हणेन.

आता माझी फजिती. माझा कणांचा क्लास इंटर्नल होता. डेटा-कॉन्ट्रॅक्ट-सिरियलायझर प्रायव्हेट फील्ड्स घेतो, म्हणून तो वापरला. स्थान, वेग, वस्तुमान या फील्ड्सना खूण केली. वस्तुमानाचा व्यस्त कन्स्ट्रक्टरमध्ये मोजून एका वेगळ्या फील्डमध्ये ठेवला होता, म्हणजे प्रत्येक पायरीला भागाकार नको. ते फील्ड तर मोजलेलं, ते कशाला लिहायचं? म्हणून खूण नाही केली. पण असं डेटा-कॉन्ट्रॅक्ट लावलेला ऑब्जेक्ट परत उभा करताना हा सिरियलायझर कन्स्ट्रक्टर चालवतच नाही. थेट रिकामी मेमरी घेतो आणि फील्ड्स भरतो. माझा व्यस्त राहिला शून्य.

प्रोग्रॅम कोसळला असता तर बरं झालं असतं! बल गुणिले शून्य, म्हणजे त्वरण शून्य. सगळे कण एकमेकांना न जुमानता सरळ रेषेत धावत राहिले. तापमान दगडासारखं स्थिर, आणि मी खूश, की इंटिग्रेटर काय छान चाललाय. तीन आठवड्यांनी एकूण ऊर्जेचा आलेख काढला तेव्हा गतिज ऊर्जा जशीच्या तशी आणि स्थितिज मात्र हलतेय, असं दिसलं. द्रवाचा अभ्यास करायला बसले होते, हातात आला आदर्श वायू.

दोष दाखवताना लोक बहुतेकदा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. प्रायव्हेट फील्ड वाचलं म्हणून माझं नुकसान झालं नाही. नुकसान झालं कन्स्ट्रक्टर टाळल्यामुळे. दिसण्याची मर्यादा ओलांडणं आणि ऑब्जेक्टचे आतले नियम मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायब्ररी त्या एकाच सोयीत बांधून देतात आणि आपण वेगाच्या तक्त्यांकडे बघत बसतो. त्या तक्त्यांबद्दलही एक तक्रार आहे. मोजमाप सहसा कोड तयार झाल्यानंतरचं, म्हणजे गरम झालेल्या इंजिनाचं असतं. मी तासाला एकदा चेकपॉइंट लिहिते. मला त्या मायक्रोसेकंदांचं काय?

शिवाय हा रस्ता सगळीकडे जात नाही. नेटिव्ह एओटीने बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये जिटच नसतो, त्यामुळे रनटाइमला नवा कोड तयार करून चालवता येत नाही. सोर्स जनरेटर कोड कंपाइल होतानाच, तुमच्याच असेंब्लीत लिहितात. तिथे इंटर्नल आपोआप दिसतं. प्रायव्हेट मात्र दिसत नाही, त्यासाठी डॉटनेट 8 मध्ये अनसेफ-अ‍ॅक्सेसर आला. नावात पुन्हा प्रामाणिकपणा!

मी आता चेकपॉइंटसाठी एक साधा पब्लिक क्लास ठेवलाय, फक्त आकडे असलेला. फाइल वाचली की त्यातून कण नेहमीच्या कन्स्ट्रक्टरनेच तयार होतात. वीसेक ओळी जास्त लिहाव्या लागल्या. आणि चेकपॉइंटनंतरच्या पहिल्या पायरीला एकूण ऊर्जा आधीच्या पायरीशी ताडून बघते.