बास्केटबॉलमधील पिढ्यांची तुलना : रॉबर्टसन आणि वेस्टब्रुक यांच्या निमित्ताने

प्रस्तावना

कोणत्याही खेळाचा इतिहास काही दशकांचा झाला की जुने खेळाडू श्रेष्ठ की नवे, हा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीए या संघटनेच्या स्पर्धेत, हा वाद विशेष तीव्र आहे. बिल रसेल, विल्ट चेंबरलेन व ऑस्कर रॉबर्टसन ही एका काळाची नावे. लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी व रसेल वेस्टब्रुक ही दुसऱ्या काळाची. या वादात सामान्यतः दोन भूमिका आढळतात. पहिली भूमिका आकड्यांची आहे : ज्याची सरासरी मोठी, तो मोठा. दुसरी भूमिका कल्पनेची आहे : अमुक खेळाडू आज खेळला असता तर काय झाले असते? या दोन्ही भूमिका वरवर परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांच्यात एक समान दोष आहे. दोन्ही भूमिका खेळाडूला त्याच्या काळातून उचलून बाजूला काढतात. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे या तुलनापद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

एक विक्रम आणि त्याचे नामकरण

१९६१-६२ च्या हंगामात सिनसिनाटी रॉयल्स संघाच्या ऑस्कर रॉबर्टसन यांनी प्रत्येक सामन्यामागे सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड व ११.४ असिस्ट अशी कामगिरी केली. एका सामन्यात या तिन्ही बाबतींत दोन अंकी संख्या गाठणे यास ‘ट्रिपल डबल’ म्हणतात. संपूर्ण हंगामाची सरासरीच ट्रिपल डबल असण्याचा पराक्रम त्यानंतर ५५ वर्षे कोणालाही साधला नाही. २०१६-१७ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर संघाच्या रसेल वेस्टब्रुक यांनी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड व १०.४ असिस्ट अशी सरासरी राखून तो साधला. ९ एप्रिल २०१७ रोजी डेन्व्हर येथील सामन्यात त्यांनी हंगामातील ४२ वी ट्रिपल डबल नोंदवली आणि रॉबर्टसन यांचा एका हंगामातील ४१ चा विक्रम मागे पडला. पुढे वेस्टब्रुक यांनी आणखी तीन हंगामांत आणि निकोला योकिच यांनी २०२४-२५ मध्ये अशीच सरासरी गाठली.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. ‘ट्रिपल डबल’ ही संज्ञा १९६२ मध्ये प्रचलित नव्हती. ती १९८० च्या सुमारास, मॅजिक जॉन्सन यांच्या खेळाच्या संदर्भात रूढ झाली. म्हणजे रॉबर्टसन ज्या विक्रमासाठी आज ओळखले जातात, त्याला ते खेळत असताना नावच नव्हते. वेस्टब्रुक मात्र एक ज्ञात संख्या समोर ठेवून खेळत होते. एकाने अजाणता केलेले आणि दुसऱ्याने ध्येय म्हणून स्वीकारलेले कार्य आकड्यांत सारखे दिसले तरी त्याचे स्वरूप सारखे नसते. भूतकाळाला वर्तमानाच्या परिभाषेत वाचण्याची प्रक्रिया येथूनच सुरू होते.

आकड्यांची पार्श्वभूमी

१९६१-६२ हा हंगाम सर्वच दृष्टींनी विपुलतेचा होता. याच हंगामात चेंबरलेन यांनी सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळवले आणि २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे न्यूयॉर्क निक्स संघाविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. सामना ४८ मिनिटांचा असताना त्यांची मैदानावरील सरासरी ४८.५ मिनिटे होती. जादा वेळेच्या सामन्यांमुळे हे शक्य झाले.

या विपुलतेचे कारण खेळाच्या गतीत आहे. २४ सेकंदांच्या आत बास्केटच्या दिशेने चेंडू टाकण्याचा नियम १९५४-५५ मध्ये लागू झाल्यानंतर खेळ अतिशय वेगवान झाला होता. १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्यात सरासरी १०७ हून अधिक फटके मारी. अलीकडच्या हंगामांत ही संख्या ९० च्या आत असते. त्या वेळी सरासरी ४२.६ टक्के फटके यशस्वी होत. फटके अधिक आणि चुकणारे फटकेही अधिक, त्यामुळे रिबाउंडही अधिक. त्या हंगामात प्रत्येक संघाला सामन्यामागे ७० च्या आसपास रिबाउंड मिळत, तर २०१६-१७ मध्ये सुमारे ४३.५.

या हिशेबाने पाहता रॉबर्टसन यांचे १२.५ रिबाउंड म्हणजे एका सरासरी संघाच्या वाट्याचे सुमारे १८ टक्के, तर वेस्टब्रुक यांचे १०.७ म्हणजे सुमारे २५ टक्के होतात. रॉबर्टसन सामन्यात सरासरी ४४.३ मिनिटे खेळत, वेस्टब्रुक ३४.६ मिनिटे, हे ध्यानात घेतल्यास ही दरी आणखी रुंदावते. त्यामुळे रिबाउंडच्या बाबतीत जुना आकडा मोठा असला तरी नवी कामगिरी सरस ठरते. अर्थात, थंडर संघातील उंच खेळाडू प्रतिस्पर्ध्यांना अडवून धरीत आणि चेंडू वेस्टब्रुक यांच्या हाती जाऊ देत, हेही त्या हंगामात अनेक निरीक्षकांनी नोंदवले होते. म्हणजे हा आकडा काही अंशी संघरचनेचाही आहे.

परंतु हीच दुरुस्ती असिस्टला लावली असता चित्र उलटते. फटके पुष्कळ असूनही १९६१-६२ मध्ये संघाचे असिस्ट सामन्यामागे २४ च्या आसपासच होते, म्हणजे २०१६-१७ पेक्षा फारसे अधिक नव्हते. यशस्वी फटक्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक फटक्यांनाच असिस्टची नोंद मिळे. त्या काळी असिस्ट देण्याचा निकष अधिक कठोर होता, असे सामान्यतः मानले जाते. अचूकतेच्या बाबतीत तर रॉबर्टसन स्पष्टपणे पुढे आहेत. त्यांचे ४७.८ टक्के फटके यशस्वी झाले, म्हणजे स्पर्धेच्या सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक. वेस्टब्रुक यांचे प्रमाण ४२.५ टक्के होते आणि स्पर्धेची सरासरी ४५.७ टक्के होती. यावर असा आक्षेप घेता येईल की वेस्टब्रुक यांचे अनेक फटके तीन गुणांच्या रेषेबाहेरून होते. तो आक्षेप रास्त आहे. १९७९-८० मध्ये एनबीएत आलेली ही रेषा रॉबर्टसन यांना उपलब्धच नव्हती. वेस्टब्रुक यांनी त्या हंगामात तीन गुणांचे २०० फटके यशस्वी केले. केवळ या रेषेमुळे त्यांच्या सरासरीत सुमारे अडीच गुणांची भर पडली. ही भर वजा केल्यास त्यांची सरासरी रॉबर्टसन यांच्या सरासरीखाली येते.

यावरून असे दिसते की, काळानुरूप दुरुस्ती केल्याने वाद मिटत नाही. तो अधिक नेमका होतो. एका बाबतीत नवा खेळाडू सरस ठरतो, दुसऱ्या बाबतीत जुना. एकच संख्या काढून निकाल देण्याचा आग्रह हाच येथे मूळ दोष आहे.

नोंदींचे मौन

तुलनेतील दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जे मोजले गेले नाही, ते घडलेच नाही असे आकडे सुचवतात. एनबीएमध्ये ब्लॉक व स्टील यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. रसेल १९६९ मध्ये व चेंबरलेन १९७३ मध्ये निवृत्त झाले होते. परिणामी, प्रतिस्पर्ध्याचा फटका हवेत अडवण्याच्या कौशल्यासाठी सर्वाधिक नावाजलेल्या रसेल यांच्या नावावर अधिकृत नोंदीत एकही ब्लॉक नाही.

हे मौन नेहमी जुन्या खेळाडूच्याच विरोधात जाते असे नाही. खेळाडूने चेंडू गमावण्याची वैयक्तिक नोंद १९७७-७८ पासून ठेवली जाऊ लागली. वेस्टब्रुक यांनी २०१६-१७ मध्ये सामन्यामागे सरासरी ५.४ वेळा चेंडू गमावला, हे सर्वज्ञात आहे आणि त्यांच्यावरील टीकेत ते वारंवार येते. रॉबर्टसन यांनी किती वेळा गमावला, हे कोणीच सांगू शकत नाही. एकाचे दोष लिहिले गेले, दुसऱ्याचे लिहिले गेले नाहीत. स्मृतीने उजळलेला भूतकाळ आणि नोंदींनी उघडा पाडलेला वर्तमान यांची तुलना समतोल होऊ शकत नाही.

नोंदीच्या पलीकडचा एक पुरावा मात्र उपलब्ध आहे. तो म्हणजे समकालीनांचा निर्णय. त्या काळी सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार खेळाडूंच्या मतांवर ठरत असे. १९६१-६२ मध्ये चेंबरलेन यांची ५० गुणांची आणि रॉबर्टसन यांची ट्रिपल डबलची सरासरी समोर असताना खेळाडूंनी तो पुरस्कार रसेल यांना दिला. हंगामाच्या सर्वोत्तम संघात मात्र मध्यस्थानी चेंबरलेन यांची निवड झाली आणि रसेल दुसऱ्या संघात गेले. जे प्रत्यक्ष समोर उभे राहून खेळत होते, त्यांना आकड्यांत न उतरणारे काही तरी दिसत होते. तुलनाकाराने या साक्षीला किमान आकड्याइतके तरी वजन द्यावयास हवे.

खेळाडूची स्थिती

जुन्या काळाची स्पर्धा दुबळी होती, हा नव्यांच्या समर्थकांचा नेहमीचा मुद्दा असतो. १९६१-६२ मध्ये एनबीएत केवळ नऊ संघ होते. आज तीस आहेत. संघ कमी म्हणजे विजेतेपद सोपे, असे म्हणता येते. पण संघ कमी म्हणजे प्रत्येक संघात गुणवत्ता एकवटलेली आणि ८० सामन्यांत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी सरासरी दहा वेळा गाठ, असेही म्हणता येते. याउलट, निवडीचे क्षेत्र आज निःसंशय व्यापक आहे. २०१८-१९ ते २०२४-२५ या सात हंगामांतील सर्वोत्तम खेळाडूचे सर्व पुरस्कार अमेरिकेबाहेर जन्मलेल्या खेळाडूंना मिळाले.

जुन्या काळचे क्षेत्र केवळ भूगोलामुळे अरुंद नव्हते. एनबीएच्या सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, अर्ल लॉइड, ३१ ऑक्टोबर १९५० रोजी उतरला. सामन्याच्या आरंभी पाचही कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवण्याचे पाऊल प्रथम बोस्टन सेल्टिक्सने टाकले, तेही १९६४ च्या डिसेंबरमध्ये. संघात अशा खेळाडूंची संख्या किती असावी याची अलिखित मर्यादा पाळली जात होती. म्हणून जुनी स्पर्धा मर्यादित होती असे म्हणताना ती कोणी मर्यादित केली, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना त्या मर्यादेचा जाच झाला, त्यांच्याच कर्तृत्वातून ती वजा करणे हा दुहेरी अन्याय होय.

विजेतेपदांच्या गणनेतही हाच विचार लागू होतो. रसेल यांनी तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवली, ती सर्व एकाच संघाकडून. जेम्स यांनी चार विजेतेपदे तीन संघांकडून मिळवली. २०१०, २०१४ व २०१८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने संघ बदलला. रसेल यांच्या पिढीला हे स्वातंत्र्य नव्हते; करार संपला तरी खेळाडूवर संघाचा हक्क राही. ही स्थिती बदलण्यात मोठा वाटा रॉबर्टसन यांचाच आहे. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष असताना त्यांच्या नावाने १९७० मध्ये एनबीएविरुद्ध दावा दाखल झाला. १९७६ मध्ये तडजोड होऊन संघबदलाची वाट मोकळी होऊ लागली. तोपर्यंत रॉबर्टसन यांच्या निवृत्तीला दोन वर्षे झाली होती. आजचा खेळाडू ज्या भूमीवर उभा आहे, ती भूमीच कालच्या खेळाडूने तयार केली. मग दोघांना जणू परस्परांशी संबंध नसलेले दोन स्पर्धक मानणे कितपत योग्य ठरते?

पर्यायी निकषांचा विचार

तुलना सदोष आहे म्हणून ती करूच नये, ‘प्रत्येक जण आपापल्या काळी श्रेष्ठ’ असे म्हणून थांबावे, हा मार्ग सोयीचा असला तरी तो चिकित्सेचा नव्हे. एनबीएने १९९६ मध्ये सर्वकालीन पन्नास थोर खेळाडूंची यादी जाहीर केली. २०२१ मध्ये पंचाहत्तर वर्षांच्या निमित्ताने नवी यादी आली, तेव्हा आधीचे पन्नासही खेळाडू जसेच्या तसे राहिले आणि मते समान पडल्याने नव्या यादीतील एकूण संख्या ७६ झाली. पंचवीस वर्षांत एकाही नावाचे पुनर्मूल्यांकन झाले नाही. यात आदर आहे. परंतु आदर म्हणजे समीक्षा नव्हे.

तुलनेसाठी तीन निकष अधिक उपयुक्त ठरतात. पहिला, समकालीनांपासूनचे अंतर : खेळाडू आपल्याच काळातील इतरांच्या किती पुढे होता. दुसरा, समकालीनांची साक्ष. तिसरा, खेळात घडलेला बदल : त्याच्यामुळे नियम, डावपेच वा खेळाची व्यवस्था बदलली काय. जॉर्ज मायकन यांच्या वर्चस्वामुळे १९५१ मध्ये बास्केटखालील क्षेत्राची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट झाली; चेंबरलेन यांच्या काळात, १९६४ मध्ये, ती सोळा फुटांवर गेली. तीन गुणांचे फटके १९७९-८० मध्ये संघामागे सामन्यात तीनहून कमी घेतले जात. २०२३-२४ मध्ये ही संख्या ३५ च्या आसपास होती. या परिवर्तनात करी यांचा वाटा निर्विवाद आहे. या तिसऱ्या निकषावर मायकन आणि करी एकमेकांविरुद्ध कधीच खेळले नसूनही एका पंक्तीत येतात.

समारोप

वरील निकषांवर २०१६-१७ मधील वेस्टब्रुक यांचा रिबाउंडमधील वाटा आणि कमी वेळात पेललेला भार अधिक मोठा आहे. अचूकतेत व असिस्टमध्ये रॉबर्टसन यांचा हंगाम सरस ठरतो. खेळाच्या व्यवस्थेवर उमटवलेल्या ठशाचा विचार करता रॉबर्टसन यांचे स्थान वरचे आहे. मात्र तो ठसा कोणत्याही गुणपत्रकात दिसत नाही. पिढ्यांची तुलना निष्फळ नाही. तिच्यातून एक विजेता निवडण्याचा हट्ट सोडला, तर प्रत्येक काळाने काय मोजले, काय मोजावयाचे राहिले आणि कोणाला मैदानाबाहेर ठेवले, हे त्याच तुलनेतून स्पष्ट होते. खेळाच्या समीक्षेला या प्रश्नांचे मोल विजेत्याच्या नावापेक्षा अधिक असावयास हवे.