चुकलेल्या पाळीचा हिशेब

आपल्या समीक्षेला भूक दिसते, जातीचा विटाळ दिसतो. बाईची चुकलेली पाळी मात्र दिसत नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधील बाळंतिणींचे हाल ‘दारिद्र्याचे चित्रण’ म्हणून निकालात निघतात. ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये (२००३) देहाविषयी लिहिले, तर तो ‘धीटपणा’! हा शब्द मला खटकतो. दिवस मोजणे हा बाईच्या जगण्यातला रोखठोक हिशेब आहे. अर्धपोटी राबणारीची पाळी पुढे जाते, कधी थांबतेही. मग दिवस राहिले की अंगातले रक्तच आटले, हे तिने ओळखावे कसे? अंगावर पाजणारीला तर पाळी परतण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. म्हणजे पाळी नाही, हा दिलासाही नाही.

बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने हा प्रश्न सभागृहात नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी पी. जे. रोहम यांनी मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. आपल्या चर्चासत्रांत त्याचा उल्लेख येतो तो लोकसंख्येच्या ओघात. महिनाअखेरीस बोटांवर दिवस मोजणाऱ्या बाईच्या संदर्भात मी तो अजून ऐकलेला नाही.