५५ वरून ३६ : आकडा मोठा, पुरावा लहान

मंडळी, आज एका उपचाराबद्दल बोलायचंय, आणि त्याहून जास्त त्याचे अहवाल कसे वाचायचे याबद्दल. विषय आहे फुफ्फुसांतला उच्च रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा नव्हे. हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसांकडे रक्त ढकलते, त्या वाटेवरचा हा दाब. तो वाढला की जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात आणि शेवटी हृदयाची उजवी बाजू थकते.

चीनमधल्या नानजिंगचे डॉ. शाओ-लियांग चेन यांची कल्पना अशी. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे तिच्याभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. शिरेतून कॅथेटर तिथवर न्यायचा आणि उष्णता देऊन ते तंतू निकामी करायचे. म्हणजे धमन्यांना ‘आकसा’ म्हणून मिळणारा हुकूम कमी होईल.

२०१३ साली पहिला अहवाल आला. रुग्ण २१. त्यांपैकी १३ जणांवर प्रक्रिया झाली, ८ जणांवर नाही. तीन महिन्यांत सरासरी दाब ५५ वरून ३६ मिलिमीटर पाऱ्यावर आला. सहा मिनिटांत चालायचं अंतर ३२४ मीटरवरून ४९१ वर गेलं. आता बघा, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. आपल्यावर उपचार झालाय की नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि चालण्याच्या चाचणीत उमेदसुद्धा चालते!

मी उगाच शंका काढतोय असं वाटेल. म्हणून मूत्रपिंडाचं उदाहरण घेऊ. तिथेही हीच युक्ती, फक्त नेहमीच्या रक्तदाबासाठी. २०१० च्या चाचणीत वरचा दाब सहा महिन्यांत ३२ ने उतरला. सगळीकडे उत्साह. मग २०१४ साली ५३५ रुग्णांवर चाचणी झाली, आणि तीत तुलनेच्या गटावर लुटुपुटूची प्रक्रिया केली गेली. खऱ्या गटात दाब सुमारे १४ ने उतरला, लुटुपुटूच्या गटात सुमारे १२ ने. फरक उरला जेमतेम दोनाचा. कल्पना मेली नाही. यंत्रं सुधारली, नव्या चाचण्या झाल्या, २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण आधीचा तो ३२ चा आकडा मात्र पुन्हा दिसला नाही.

चेन यांच्या गटाचं कौतुक इथे करायला हवं. २०२२ साली त्यांनी १२८ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून, लुटुपुटूची प्रक्रिया ठेवून चाचणी प्रसिद्ध केली. चालण्यातली वाढ खऱ्या गटात ६१ मीटर, दुसऱ्या गटात सुमारे १९. हिशेब जुळवल्यावर फरक ३३.८ मीटर. पहिल्या अहवालात वाढ १६७ मीटरची होती. नवा आकडा लहान आहे, पण माझा विश्वास याच्यावर जास्त आहे.

तरी माझी मुख्य तक्रार उरतेच. या चाचणीत दोन्ही गटांना सोबत सिल्डेनाफिलच्या जातीचं एकच औषध होतं. पण २०१५ च्या अँबिशन चाचणीपासून बहुतेक रुग्णांना सुरुवातीलाच दोन औषधं एकत्र देण्याकडे कल आहे. मग रुग्णाचा खरा प्रश्न असा : दोन औषधं नीट चालू असताना या प्रक्रियेने आणखी किती फायदा होतो? ही चाचणी त्याचं उत्तर देत नाही. शिवाय मुख्य मोजमाप सहा महिन्यांचं, आणि आजार जन्माचा. यात बारीक धमन्यांच्या भिंतीच जाड होत जातात; मज्जातंतू शांत केले म्हणून त्या भिंती पूर्ववत होतील असं गृहीत धरता येत नाही.

तेव्हा कोणी तुम्हाला ‘एकदाच कॅथेटर, मग गोळ्या बंद’ असं सांगितलं, तर तीन गोष्टी विचारा. तुलना कोणाशी केली? रुग्णांना आपला गट माहीत होता का? सोबत कुठली औषधं चालू होती? आणि उत्तर मिळेपर्यंत गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. या आजारात औषध अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.