अंतराळातून उचललेला ठेका

लॅरी मिझेल हे मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अपोलो मोहिमेतल्या चांद्रयानाच्या चाचण्यांवर काम करून झाल्यावर ते भाऊ फॉन्स यांच्या जोडीने संगीतनिर्मितीत उतरले. ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड यांच्यासाठी या भावांनी ब्लू नोट कंपनीत ज्या रेकॉर्ड घडवल्या, त्यांची नावंच बोलकी आहेत: 'स्टेपिंग इन्टू टुमॉरो', 'प्लेसेस अँड स्पेसेस'. कर्मठ जॅझ समीक्षकांनी तेव्हा त्यांच्यावर बाजारूपणाचा शिक्का मारला. पुढे न्यूयॉर्कच्या हिप-हॉप निर्मात्यांनी याच तबकड्या धूळ झटकून बाहेर काढल्या आणि त्यांचे तुकडे उचलून नव्या गाण्यांत बसवले, म्हणजेच सॅम्पल केले. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या 'फूटप्रिंट्स'मध्ये (१९९०) बर्ड यांचं 'थिंक ट्वाइस' आहे, तर ब्लॅक मूनच्या 'बक एम डाउन'च्या रीमिक्समध्ये 'विंड परेड' तरंगतं. समीक्षकांचा निकाल या पोरांनी फिरवला, आणि तो योग्यच फिरवला.

सत्तरच्या दशकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकारांना अवकाशाची एवढी ओढ का होती? १९७० मध्ये कवी-गायक गिल स्कॉट-हेरन यांनी 'व्हायटी ऑन द मून'मधून चांद्रमोहिमेच्या खर्चावर गोरगरिबांच्या वतीने सवाल टाकला होता. दुसरीकडे जॅझ संगीतकार सन रा १९५० च्या दशकापासून स्वतःला शनीवरचा रहिवासी म्हणवत होते. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं नावही एल सॅटर्न. एकाचा राग, दुसऱ्याचं स्वप्न. पण मुद्दा एकच, की अमेरिकेच्या भविष्यात आपली जागा कुठे. त्या काळातल्या रेकॉर्ड ऐकताना त्यांच्या कव्हरवरची यानं आणि ग्रह निव्वळ सजावट मानले, तर अर्धं संगीत हातातून निसटतं.

पार्लमेंट या फंक बँडचं १९७५ चं 'मदरशिप कनेक्शन' हे याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण. बँडचे प्रमुख जॉर्ज क्लिंटन यांनी गुलामगिरीच्या काळातल्या भक्तिगीतातला स्वर्गात नेणारा रथ उचलला आणि त्याचं अंतराळयान केलं. मैफलीत ते यान धूर सोडत खरोखर मंचावर उतरायचं. डॉ. ड्रे यांनी 'द क्रॉनिक' (१९९२) या अल्बममधल्या 'लेट मी राइड'मध्ये त्याच सुरावटीला पुन्हा हात घातला. आता रथ झाला लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून संथ झुलत जाणारी मोटार. भक्तिगीत, यान, मोटार: सुटकेची एकच आस तीन पिढ्यांनी आपापल्या वाहनात बसवली. मूळ गाण्यातला समूहस्वर ड्रे यांनी जपला, पण त्यातला सगळ्यांना सोबत घेऊन जाण्याचा भाव मात्र बराचसा गळला. उरला तो एकट्याचा रुबाब. तरीही हे सॅम्पलिंग थोर आहे, कारण ते मूळ कृतीशी वाद घालतं.

सगळेच असा वाद घालत नाहीत. डेक्स्टर वॅन्सेल यांच्या 'लाइफ ऑन मार्स' (१९७६) अल्बममधलं 'थीम फ्रॉम द प्लॅनेट्स' घ्या. त्याचे ड्रम्स असंख्य निर्मात्यांनी उचलले. त्यामागचं सिंथेसायझरचं आकाश फार थोड्यांनी. याउलट जे-झी यांच्या 'डेड प्रेसिडेंट्स'मध्ये (१९९६) जॅझ कीबोर्डवादक लॉनी लिस्टन स्मिथ यांच्या 'अ गार्डन ऑफ पीस'ची शांतता तशीच ठेवलेली आहे, आणि पैशाच्या हव्यासाचे शब्द त्या शांततेवर येऊन आदळतात. गाण्याची सगळी वेदना त्या विसंगतीत आहे.

यंत्राचाही यात वाटा होता. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरच्या स्मृतीत जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून निर्माते ३३ च्या गतीची तबकडी ४५ वर पळवून आवाज भरून घेत आणि मग यंत्रात त्याचा वेग उतरवत. जागा वाचायची; शिवाय आवाजाला एक खरबरीत, धुळकट पोत यायचा. चकचकीत कॉस्मिक फंक त्यातून जणू दूरच्या ग्रहावरून येणाऱ्या प्रक्षेपणासारखं ऐकू येऊ लागलं. अडचणीतून जन्मलेला हा पोत आजचे निर्माते सॉफ्टवेअरने मुद्दाम आणतात.

मग कायदा आडवा आला. क्लिंटन यांच्याच फंकाडेलिक या दुसऱ्या बँडच्या एका गाण्यातला सुमारे दोन सेकंदांचा गिटारचा तुकडा, तोही सूर उतरवून एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या गाण्यात फिरवलेला. त्यावरच्या ब्रिजपोर्ट खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करूच नका, अशी भूमिका घेतली. दुसऱ्या एका अपील न्यायालयाने २०१६ मध्ये मडोनाच्या 'व्होग'संबंधीच्या खटल्यात ती नाकारली, पण तोवर अनेक थरांचं सॅम्पलिंग श्रीमंतांचा खेळ झालं होतं. मूळ कलावंताला मोबदला मिळायलाच हवा. पण ब्रिजपोर्टचा दावा हक्क बाळगणाऱ्या कंपन्यांचा होता, ते सूर वाजवणाऱ्यांचा नव्हे. या व्यवस्थेने कलेचं नुकसान केलं, हे स्पष्ट म्हणायला हवं.

सध्याची सर्वांत आशादायी वाट तबकडीकडून माणसाकडे वळते. निर्माते फ्लाइंग लोटस हे जॅझ हार्पवादक अ‍ॅलिस कोलट्रेन यांच्याच घरातले. 'कॉस्मोग्रामा'मध्ये (२०१०) त्यांनी हार्प, बेस आणि संगणकाचे ठोके एकत्र विणले. केंड्रिक लमार यांच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'च्या (२०१५) पहिल्याच गाण्यात जॉर्ज क्लिंटन स्वतः हजर आहेत. आणि ट्राइबचे अली शहीद मुहम्मद यांनी एड्रियन यंग यांच्यासह 'जॅझ इज डेड' या मालिकेत ऐंशी पार केलेल्या लॉनी लिस्टन स्मिथ यांना स्टुडिओत बोलावून २०२३ मध्ये पूर्ण नवा अल्बम काढला. ज्यांच्या सुरांचे तुकडे हिप-हॉपने तीन दशकं फिरवले, ते तिथे पियानोवर बसून नवं वाजवतात, आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव सर्वांत वर आहे.