बारा नंबरच्या होडीतले खलाशी

कुणी म्हणेल, युद्धात परदेशी धाडलेल्या इंग्रज पोरांच्या आठवणींशी आपला काय संबंध? टॉम नागोर्स्की यांचे 'मिरॅकल्स ऑन द वॉटर' (2006) वाचताना मला तो संबंध सापडला.

1940 साली ब्रिटिश सरकारने मुलांना समुद्रापार हलवण्याची योजना काढली. पैसेवाले आपली मुले स्वखर्चाने पाठवीतच होते. या योजनेने सामान्यांच्या मुलांनाही ती वाट मिळाली. 'सिटी ऑफ बनारस' या बोटीतून अशी 90 मुले कॅनडाला निघाली. 17 सप्टेंबरच्या रात्री जर्मन पाणबुडीने बोट बुडवली. 77 मुले मेली. योजना गुंडाळली गेली.

बारा नंबरच्या होडीत 46 माणसे आठ दिवस तरंगत होती. त्यांत सहा मुलगे होते. मेरी कॉर्निश ही बाई त्यांचे गारठलेले हातपाय चोळी, बुलडॉग ड्रमंडच्या साहसकथा रचून सांगे. पाणी मिळे ते घोटभर. या आठवणी अस्सल आहेत. पोराला तहान आठवते, गोष्ट आठवते. युद्धाचे राजकारण आठवत नाही. म्हणूनच त्यांवर विश्वास बसतो.

पण त्या होडीतली बहुसंख्य माणसे हिंदी खलाशी होती! बोटीवरच्या हिंदी खलाशांपैकी निम्म्याहून अधिक मेले. पुस्तकात ते येतात, पण बहुतेक घोळका म्हणून. मुलांना नावे आहेत, घरे आहेत, वाट पाहणाऱ्या आया आहेत. खलाशांच्या आया कुठे होत्या?

यात पोरांचा दोष नाही. पोर स्वतःची तहान सांगते, शेजारच्याची नाही. आपली स्वकथने तरी वेगळी कुठे आहेत? लेकाच्या आठवणीत आई राबत राहते. तिच्या स्वतःच्या भुकेला शब्द मिळायला बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986) यावे लागले. आपल्या समीक्षेने हे अजून पुरेसे पचवलेले नाही, असे माझे मत आहे.

माझा आजा त्या युद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत हमाल होता. बोटींवरची नावे त्याला वाचता येत नव्हती. बोटी कुठं जायच्या, असे मी लहानपणी विचारले, तर म्हणाला, "पाण्यात."