धूसर कड कुणाची?

नेरुळच्या डीपीएस तलावावरचे फ्लेमिंगोंचे फोटो बघताना आपण पटकन म्हणतो, डावीकडचे पक्षी सॉफ्ट आलेत, लेन्स गेली. आमची याला हरकत आहे. ते पक्षी फोकसच्या पुढेमागे असतील. उन्हात चिखलावरची हवाही थरथरते.

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून घेतलेली परीक्षाही आम्हाला पटत नाही. कॅमेरा किंचित तिरका राहिला तरी एक बाजू बिघडते, आणि चांगली लेन्स उगाच परत जाते. त्यापेक्षा सकाळी लवकर, पलीकडच्या लांबच्या इमारती घ्या. ट्रायपॉड हवाच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, लहान केलं की दोष झाकला जातो. फोकस मध्यावर पक्का करून सोडा. एक फोटो सरळ, दुसरा कॅमेरा उलटा करून. तीच इमारत पुन्हा धूसर? मग लेन्सला बोल लावू नका. धूसरपणा दुसऱ्या टोकाच्या इमारतीवर गेला, तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलंय असं समजा. पण थांबा, दुसरी लेन्स लावूनही तसंच आलं, तर कॅमेराच तपासायला द्या.