रेनकोटच्या खिशातला रुमाल

कॉर्नवॉलच्या समुद्रकाठच्या एका वैभवशाली घरात नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी पावसाची चिन्हे दिसताच घरातलाच कुणाचा तरी रेनकोट अंगावर घालते आणि समुद्राकडे फिरायला जाते. नंतर सहज खिशात हात घालते, तर हाताला एक चुरगळलेला रुमाल लागतो. डॅफ्नी ड्यू मॉरिये यांच्या 'रेबेका' या १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतला हा प्रसंग जेमतेम पानभराचा. घटना म्हणून पाहिले तर त्यात काहीच नाही. पण आपण इथे घाई न करता थोडे रेंगाळू या, कारण मला वाटते, प्रणयकथा आणि रहस्यकथा या दोन प्रवाहांचा संगम नेमका या खिशात झाला आहे.

रुमालावर लिपस्टिकचा गुलाबी डाग आहे. कोपऱ्यात आद्याक्षरे विणलेली आहेत आणि त्यांतले 'आर' इतरांपेक्षा उंच, तिरपे, जणू बाकीच्या अक्षरांना झाकून टाकणारे. ही मुलगी रुमालाकडे पाहते आणि मग अंगावरच्या कोटाकडे. कोट आपल्याला लांब होतो, बाह्या मनगटाखाली उतरतात. म्हणजे तो जिचा होता ती आपल्यापेक्षा उंच होती, खांद्यांनी भरदार होती. काही बटणे तुटलेली आहेत. म्हणजे ती बटणे लावण्याच्या फंदात पडत नसे, कोट नुसता खांद्यावर टाकून, हात खिशात घालून चालत असे. तिने ओठ टिपले, रुमाल खिशात कोंबला आणि त्या दिवसानंतर हा कोट कुणीच घातला नाही. रुमालाला अजून एक फिकट गंध आहे, ओळखीचा पण आठवणीच्या टप्प्यात न येणारा. थोड्या वेळाने तिला उमगते, की दरीत फुललेल्या पांढऱ्या अझेलियाच्या चुरडलेल्या पाकळ्यांचा तो वास आहे.

अनुमानांची ही साखळी आपल्या परिचयाची नाही का? टोपीवरून माणसाचे अवघे चरित्र सांगणारा शेरलॉक होम्स आपण वाचलेला असतो, बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयाच्या मागे रात्री जागवलेल्या असतात, आणि एखाद्या क्षुल्लक वस्तूतून अख्खे रहस्य उलगडण्यातला आनंद आपल्या अंगी मुरलेला असतो. इथे निरीक्षण तेच आहे, तर्काची धारही तीच. फक्त शोध गुन्हेगाराचा नाही. नवऱ्याची पहिली, मरण पावलेली पत्नी कशी होती, आणि तिच्यापुढे आपण किती उण्या आहोत, हे शोधणारी ही गुप्तहेर आहे. मत्सराने तिच्या हाती भिंग दिले आहे. 'त्याचे माझ्यावर प्रेम आहे का' हा प्रणयकथेचा सनातन प्रश्न आणि 'त्या रात्री काय घडले' हा रहस्यकथेचा प्रश्न या दोहोंची उत्तरे एकाच खिशात, एकाच रुमालात शोधावी लागतात, ही या लेखिकेची अपूर्व प्रतिभा. गेल्या काही महिन्यांत मी प्रेमाच्या आणि थराराच्या बऱ्याच कादंबऱ्या हाताळल्या. अगदी मोकळेपणाने सांगायचे तर बहुतेकांत हे दोन धागे शेजारी शेजारी चालतात, एक प्रकरण चुंबनाचे तर दुसरे प्रेताचे. 'रेबेका'त मात्र धागा एकच आहे.

हा मत्सर कोठून आला, याचा माग लेखिकेच्या आयुष्यात लागतो. फ्रेडरिक ब्राऊनिंग या लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ साली तिचा विवाह झाला. त्यापूर्वी त्याचा जॅन रिकार्डो नावाच्या एका देखण्या तरुणीशी वाङ्‌निश्चय झालेला होता, आणि तिची जुनी पत्रे हाती लागल्यावर या नव्या पत्नीच्या मनात जी सल उरली ती या कादंबरीचे बीज ठरली. पुढे नवऱ्याची नेमणूक इजिप्तमध्ये असताना, अलेक्झांड्रियाच्या असह्य उकाड्यात, कॉर्नवॉलच्या ओल्या हिरवाईसाठी झुरत तिने लेखनाला प्रारंभ केला. धुके, समुद्र, लालभडक ऱ्होडोडेंड्रॉन यांची वर्णने इतकी तहानलेली का वाटतात, ते मग कळते.

आता रुमालावरचे ते उंच 'आर' पुन्हा पाहू, कारण ते आपल्याला त्याआधीही भेटलेले असते. माँटे कार्लोच्या हॉटेलात ही मुलगी मिसेस व्हॅन हॉपर या बोलघेवड्या, श्रीमंत अमेरिकन बाईची पगारी सोबतीण म्हणून राहत असते. तिथे तिची ओळख मॅक्सिम द विंटरशी होते. तो तिला एक कवितासंग्रह वाचायला देतो आणि त्याच्या कोऱ्या पानावर रेबेकाचे, म्हणजे त्याच्या मरण पावलेल्या पत्नीचे, हस्ताक्षर असते. मॅक्सिम लग्नाची मागणी घालतो तो प्रसंगही किती विलक्षण आहे पाहा: फुले नाहीत, चंद्र नाही, सकाळची न्याहारी चालू आहे आणि मुलीच्या तोंडात एका आंबट फळाची चव रेंगाळते आहे. त्यानंतर ती एकटी असताना ते पान पुस्तकातून हलकेच कापून काढते, त्याचे तुकडे करते आणि केराच्या टोपलीत त्यांना काडी लावते. कागद काळवंडतो, शाई उडून जाते, आणि शेवटपर्यंत तग धरून राहते ते एकच अक्षर, ज्वाळेत वळत, क्षणभर आणखी मोठे होत. आपण पहिल्यांदा वाचतो तेव्हा हा एका अल्लड मुलीचा आततायीपणा वाटतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र या इवल्याशा आगीकडे पाहत आपण स्तब्ध होतो, कारण कादंबरी कोणत्या आगीकडे चालली आहे, हे आता आपल्याला ठाऊक असते.

लग्नानंतर मॅन्डर्लीत, म्हणजे मॅक्सिमच्या त्या समुद्रकाठच्या घरात, पाऊल टाकल्यावर ते हस्ताक्षर सर्वत्र आहे. सकाळच्या खोलीतल्या लिहिण्याच्या मेजाच्या प्रत्येक कप्प्यावर त्याच अक्षरांतल्या चिठ्ठ्या आहेत. पत्रे कुठे, पाहुण्यांच्या याद्या कुठे, जेवणाचे बेत कुठे. त्याच खोलीत घरातला टेलिफोन वाजतो, पलीकडून कुणीतरी मिसेस द विंटरना विचारते, आणि ही मुलगी घाबरून सांगते की त्या वारल्याला वर्ष होऊन गेले. फोन ठेवल्यावर तिला उमगते, की विचारणा तिच्याचसाठी होती. मिसेस द विंटर आता तीच आहे! संपूर्ण कादंबरी तिच्या तोंडून आपण ऐकतो, तरी तिचे स्वतःचे नाव आपल्याला कधीच कळत नाही. ते सुंदर आणि आगळे आहे, एवढेच मॅक्सिम एकदा म्हणून जातो. जी मेली तिचे नाव पुस्तकावर, रुमालावर, मेजावर आणि कादंबरीच्या मुखपृष्ठावरही; जी जिवंत आहे ती अनामिक. नाव न देण्याची ही युक्ती नुसती चतुराई राहत नाही, तिचे दुःख होते.

या मुलीची आणखी एक सवय मला फार मोहवते. ती अखंड कल्पना करते. न घडलेली संभाषणे, न आलेले पाहुणे, आपल्या पाठीमागे नोकरांत चाललेली कुजबुज हे सारे ती इतक्या तपशिलाने रंगवते की आपणही क्षणभर फसतो. एका रात्री जेवताना ती मनोमन रेबेका होते: रेबेका कशी बसली असती, फोनवर कशी बोलली असती, कशी हसली असती. आणि समोर बसलेला मॅक्सिम एकाएकी तिला विचारतो, की तू आत्ता काय विचार करत होतीस, तुझा चेहरा असा का झाला? तिच्या डोळ्यांत त्याला एक जाणतेपण दिसले आहे आणि ते त्याला नको आहे. पहिल्या वाचनात आपण समजतो, की त्याला गेलेल्या प्रियेची आठवण असह्य झाली. किती स्वाभाविक समजूत, आणि किती चुकीची! पुरावा खराच होता. आपण त्याचा अर्थ तिच्याच भिंगातून लावला.

ज्यांनी 'रेबेका' अजून वाचलेली नाही, त्यांनी इथेच थांबून आधी ती वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण आता ग्रंथालयाच्या खोलीतल्या त्या कबुलीपाशी यावेच लागते. समुद्राच्या तळाशी रेबेकाची बोट सापडली आहे, आत एक देह आहे आणि मॅक्सिम आपल्या पत्नीला सांगतो, की रेबेका बुडाली नाही, मी तिला गोळी घातली. रहस्यकथेच्या दृष्टीने हा भयंकर क्षण. पण या मुलीच्या कानांत काय उतरते? त्याचे रेबेकावर प्रेम नव्हते, कधीच नव्हते, तो तिचा द्वेष करत होता. खुनाची कबुली हा या कादंबरीतला खरा प्रेमप्रसंग आहे. माँटे कार्लोच्या न्याहारीच्या मेजावर जे फुलले नाही ते इथे फुलते. इतके दिवस थरथरणारी, कपाट उघडायला भिणारी मुलगी एका तासात प्रौढ होते, आणि तिच्या हृदयावरचे ओझे उतरते तसे आपल्याही. इथे क्षणभर थांबून आपण स्वतःकडे पाहावे: एका स्त्रीचा खून झाल्याचे कळल्यावर आपल्याला सुटल्यासारखे वाटले आहे, आणि उरलेली सारी पाने आपण तो माणूस फासावर जाऊ नये म्हणून श्वास रोखून वाचणार आहोत. एखाद्या प्रेमकथेने माझ्याकडून याहून अवघड गोष्ट करवून घेतल्याचे मला आठवत नाही.

१९४० साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी या कादंबरीवर चित्रपट केला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही मिळाले. पण तेव्हाच्या अमेरिकी चित्रपटांच्या आचारसंहितेत खुनी नवरा शिक्षेवाचून सुटणे बसत नव्हते, म्हणून पडद्यावर रेबेकाचा मृत्यू अपघाती ठरला. आपल्याकडे बिरेन नाग यांनी १९६४ साली 'कोहरा' केला. वहिदा रेहमान यांची भेदरलेली नजर आणि हेमंतकुमारांचे संगीत अनेकांच्या मनात अजून आहे. हिचकॉकचा चित्रपट मला प्रिय आहे, पण मॅक्सिम निर्दोष ठरताच प्रेक्षक सुखरूप होतो, आणि मूळ कादंबरीने वाचकाला सुखरूप राहू दिलेले नाही.

कबुलीनंतरचा भाग, म्हणजे चौकशी, ब्लॅकमेल करणारा फॅव्हेल, लंडनची धावपळ, मला थोडा पातळ वाटतो. फॅव्हेल तर इतका ढोबळ आहे, की त्याच्या तोंडच्या दारूचा वास पानावर येतो आणि बाकी काही येत नाही. मात्र डॉक्टरच्या जुन्या नोंदवहीत सापडणारी ती भेटीची वेळ अस्सल आहे. रेबेका स्वतःच्या नावाने गेलीच नव्हती, डॅन्व्हर्स हे आपल्या एकनिष्ठ घरव्यवस्थापिकेचे नाव तिने दिले होते. आणि तिला जो असाध्य आजार निघाला त्यावरून लक्षात येते, की गोळी झाडायला मॅक्सिमला तिनेच भाग पाडले. जिच्या वस्तूंचा आपण पानोपानी माग काढला, ती शेवटपर्यंत आपल्या एक पाऊल पुढे होती.

'रेबेका' मिटल्यावर याच लेखिकेची १९५१ सालची 'माय कझिन रेचेल' लगेच हाती घ्यावी, असे मी सुचवीन. इथे भिंग तरुणाच्या हाती आहे. फिलिपला ज्याने वाढवले तो अ‍ॅम्ब्रोज इटलीत रेचेलशी लग्न करतो आणि तिथेच मरतो. मरण्यापूर्वी त्याने लिहिलेल्या पत्रांत पत्नीविषयी भयंकर संशय आहे. रेचेल कॉर्नवॉलला येते, आणि सूड घ्यायला बसलेला फिलिप तिच्या प्रेमात पडतो. पुन्हा एका कोटाची गंमत पाहा: अ‍ॅम्ब्रोजचे कपडे कुळांना वाटून टाकलेले असतात आणि त्यांतल्या एका कोटातून त्याचे न पाठवलेले पत्र निघते. रेबेकाच्या नव्या सवतीने खिशातला पुरावा अधाशासारखा वाचला. फिलिप तो वाचतो आणि दगडाखाली पुरून टाकतो. प्रेमात असलेला गुप्तहेर पुरावा नष्ट करतो, आणि पुढे प्रेम नाकारले गेले की तोच पुरावा मनात उकरत बसतो. मग रेचेल रात्री करून देत असलेला वनस्पतींचा काढाही संशयाचा होतो, तिच्या खणात लॅबर्नमच्या विषारी बियांचे पाकीट सापडते, आणि बागेवरच्या अर्धवट बांधलेल्या पुलावर पाय ठेवू नकोस, हे एक वाक्य तो तिला सांगत नाही.

रेचेल दोषी की निर्दोष, हे लेखिकेने कुठेही सांगितलेले नाही. मॅन्डर्लीत निदान ग्रंथालयाचे दार बंद करून कुणीतरी सत्य सांगितले होते. इथे ते सांगू शकणारी व्यक्तीच पुलावरून कोसळते. माझा कौल रेचेलच्या बाजूने आहे. अखेरीस तिच्या खोलीची झडती घेतली जाते तेव्हा हाती काही लागत नाही, आणि जे पत्र सापडते त्यात कारस्थानापेक्षा तिला या मुलाविषयी वाटणारी काळजीच अधिक दिसते. बागेचे वेड असलेल्या बाईच्या खणात बिया असायच्याच, असेही मी स्वतःला समजावते. माझी एक वाचनवेडी मैत्रीण मात्र ठामपणे म्हणते, की विष त्या काढ्यातच होते. ती मला फिलिपच्या आजारपणाची पाने काढून दाखवते, मी तिला ते पत्र दाखवते, आणि पुढच्या भेटीत आम्ही दोघी पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतो.